थोरलीच्या उंचीचा ओटा

साठी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. दुसरेपणावर या घरात आली त्या दिवशी सासूनं "धाकटे" म्हणून हाक मारली आणि ती हाक जी चिकटली ती चिकटलीच. शेजारीपाजारी, नातेवाईक, दूधवाला, सगळ्यांची ती धाकटी. आता धाकटी म्हटली की कुठंतरी थोरली असायला हवी. तीही होती, पण भिंतीवरच्या फोटोत. तापाचं निमित्त झालं आणि तिशी गाठायच्या आत ती गेली. म्हणजे बघा, धाकटी म्हातारी होत गेली, थोरली आहे तिथंच थांबली, आणि तरीही मान थोरलीचाच. मेलेल्या माणसाशी बरोबरी करू नये म्हणतात. मुद्दाम कोण करतं? ती आपोआप होते, आणि हरायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं.

फोटो खांद्यापर्यंतचाच होता. मान जराशी वर, ओठ मिटलेले, नजर समोर. त्यातून माणसाची उंची कळत नाही. थोरलीची उंची धाकटीला कळली ती स्वयंपाकघरातून.

लग्नानंतर पहिल्यांदा ती ओट्याशी उभी राहिली, तर ओटा तिच्या बरगड्यांना भिडला. वरच्या कपाटांच्या मुठी हाताच्या टप्प्याबाहेर. सगळ्यात वरच्या फळीवर काय आहे, हे तर तिला कधी दिसलंच नाही, हातानं चाचपूनच ओळखायचं. भांडी अडकवायचे खिळेसुद्धा असे वर मारलेले की मारणारीनं हात सहज उचलला असावा. मुठींभोवतीचा रंग कुणाच्या तरी बोटांनी घासून पांढरा पडला होता. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. या घरातली पहिली बाई चांगली उंचनिंच, ताठ, हात लांबवला की छताला लावणारी होती. आणि तिच्या जागी आलेली ही धाकटी! उभी राहिली तरी बसल्यासारखी दिसते, असं माहेरी तिचा भाऊ चिडवायचा.

ओट्याखाली तिला एक पाट सापडला. जाड फळी, खाली दोन पट्ट्या. घरात सहा वर्षांची सावत्र लेक होती. तिच्यासाठी असेल, नळाला हात पुरावा म्हणून, असं धाकटी धरून चालली. क्षणभर मनात आलं, की आपणच उभं राहावं यावर. पण मग तिचं तिलाच कसंतरी झालं. पाटावर उभं राहून चिरायचं, म्हणजे मी कमी पडते हे रोज दोन्ही वेळा कबूल करायचं. तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली, नवरा आला होता. धाकटीनं पायानं पाट ढकलला तो थेट आतल्या खोलीत, पलंगाखाली. लेक दारात उभी राहून हे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले. पाट पलंगाखाली जो गेला तो तिथंच राहिला. त्याच्यावर ट्रंक आली, ट्रंकेवर चिंध्यांचं गाठोडं. आणि धाकटी चवड्यांवर उभी राहून स्वयंपाक करायला शिकली.

माणूस कशालाही सरावतं. सरावली नाही ती एका गोष्टीला. ओट्याशी उभं राहिलं की तिला वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे. हातभर अंतरावर. आणि आपल्या डोक्यावरून अगदी सहज, वाकावंही न लागता, पातेल्यात डोकावतंय. वळून बघितलं की कुणी नसायचं, हे काय सांगायला हवं? पण मान पुन्हा वळवली की ती पुन्हा आलेलीच. सुरुवातीला धाकटी घाबरायची. पुढं पुढं हळूच बोलायला लागली. "टाकलंय हो मीठ." "करपलं नाही, जरा लाल झालंय." उत्तर कधी आलं नाही. धाकटीला तेही टोमण्यासारखंच लागायचं.

त्यात ते चुलीवरचं कपाट. बाहेरचं दार उघडलं की घरभर वारा फिरे आणि त्या कपाटाचं दार आपसूक, कुरकुर न करता, उघडे. म्हणजे नवरा कामावरून घरी आला की इकडं दार उघडलंच. बिजागरी सैल असेल, धाकटी म्हणायची, सुताराला बोलवा. नवरा चपला काढता काढता आत डोकावायचा, त्या उघड्या दाराकडं बघायचा आणि म्हणायचा, "राहू दे." धाकटी लावायला जाई, तिचा हात पुरायचा नाही, ती उडी मारल्यासारखं करी, तर हा पुन्हा, "राहू दे म्हटलं ना." माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. पण त्या फळ्यांना हात लावू द्यायचा नाही म्हणजे नाही. "ते मी हौसेनं करून घेतलंय," एवढंच एकदा बोलला होता. कुणासाठी, ते सांगितलं नाही. धाकटीनंही विचारलं नाही. विचारून काय, आपलीच अब्रू आपल्या हातानं घालवायची?

पोटापाण्याला धाकटी शिवण करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा, आणि गळ्यात टेप. ती टेप अंघोळीपुरतीच उतरायची. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या कंबरा तिला तोंडपाठ. तिचं एक ठाम मत होतं, माप देताना कुणीही खरं उभं राहत नाही. बायका पोट आत ओढतात, पुरुष छाती पुढं काढतात, मुली खांदे पाडतात. म्हणून ती टेप अंगाभोवती धरून गप्पा काढायची. सुनेचं काय चाललंय, नळाला पाणी कधी आलं. बोलता बोलता समोरची बाई श्वास सोडायची, पोट जागेवर यायचं, आणि तेव्हा कुठं धाकटी टेपवरचा आकडा बघायची. "माप उभ्या राहिलेल्या माणसाचं घेऊ नये," ती म्हणायची, "विसरलेल्या माणसाचं घ्यावं." तिचे कपडे कधी तंग झाले नाहीत ते यामुळं. पण इतक्या वर्षांत तिचं स्वतःचं माप कुणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती जुन्यावर नवं ठेवून कापायची.

नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली. नंतर सिंकखालची फळी कुजून खचली, मग तिच्या शेजारची. एके दिवशी वरच्या कपाटाचा तळच सुटला आणि सगळे डबे खाली आले. धाकटी थोडक्यात वाचली. लेक धावत आली. ती मागच्याच गल्लीत राहायची. बापासारखी उंच झालेली, एका शाळेत शिकवणारी, धाकटीला मावशी म्हणणारी. सहा वर्षांची असल्यापासून तिनं कधी दुसरी हाक मारली नाही, आणि धाकटीनं कधी मागितली नाही. दोघींत भांडण असं नव्हतं. पण त्या फोटोतल्या बाईबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलायचं नाही, हे न ठरवता ठरलेलं होतं.

"आता सगळंच बदलायला हवं, मावशी," लेक म्हणाली. धाकटी डबे गोळा करता करता थांबली. मनात भीती होती, आणि खोटं कशाला बोला, आनंदही होता.

बदलायचं ठरलं, पण घोडं अडलं ते कुठलं घ्यायचं यावर. जावई फोनवर चित्रं घेऊन आला. तयार कपाटं. खोक्यांतून घरी येतात, सगळं आडवं, चपटं. फळ्या, स्क्रू, बिजागऱ्या आणि एक वाकडी किल्ली. चित्रात दाखवलंय तसं जोडायचं की झालं.

"दोन दिवसांत स्वयंपाकघर उभं, मावशी. सुतार नको, भुसा नको, महिनाभर ठाकठोक नको. आमचं कपाट मीच जोडलं की."

"आणि एक स्क्रू उरला," लेक म्हणाली.

"तो जास्तीचा देतात."

"म्हणून दार लोंबतंय होय!"

धाकटी हसली, पण मान हलवत राहिली. तिनं चित्रं नीट बघितली होती. सुरेख होती कपाटं, नाही कशाला म्हणा. पण ती शिवणारी बाई. दुकानात टांगलेले तयार कपडे तिनं आयुष्यभर दुरुस्त केलेले, इथं आवळ, तिथं सोड. सगळ्यांसाठी केलेलं ते कुणासाठीच केलेलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला सुताराकडूनच करून घ्यायचंय," ती म्हणाली.

"अगं, पण यांना पाय असतात," लेक म्हणाली. "फिरवायचे पाय. उंच वाटलं, फिरवले, खाली. ठेंगणं वाटलं, फिरवले, वर. केव्हाही बदलता येतं. सुतारानं एकदा केलं की केलं."

"मग नीट करून घेऊ."

"मावशी, ऐक माझं. पायवालंच घे."

"का पण?"

लेकीनं ओठ मिटले. अगदी फोटोतल्यासारखे. धाकटीला ते बघवलं नाही, आणि इतकी वर्षं जे पोटात होतं ते तोंडात आलं. "एकदा तरी मला माझ्या मापाचं मिळू दे गं. या घरात मी दुसऱ्याच्या उंचीत राहिले. मरायच्या आधी चार दिवस माझ्या उंचीत राहू दे."

जावई फोनमध्ये बघायला लागला. लेकीनं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "मापानं केलेलं चुकत नाही असं थोडंच आहे?" आणि पिशवी उचलून निघून गेली.

धाकटीनं त्याचा अर्थ लावला तो असा, की हिला आपल्या आईची जागा जायला नकोय. माझं माप इथं आलं की थोरलीचं जाणार. खोक्यातलं कपाट कुणाचंच नसतं, म्हणून ते चालेल, पण माझं नको. तिला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. पण ऐकावं जनाचं, करावं मनाचं. दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला निरोप धाडला.

मिस्त्री पिकल्या मिशांचा, कानावर पेन्सिल, कमी बोलणारा माणूस. आल्या आल्या त्यानं जुनी कपाटं ठोकून बघितली. "लाकूड चांगलं वापरलंय," म्हणाला. "पाण्यानं खाल्लं, नाहीतर अजून टिकलं असतं. ताई, काम तुम्हीच करणार ना इथं? मग उभ्या राहा ओट्याशी. नेहमी राहता तशा. चिरायला लागलात असं समजा."

धाकटी ओट्याशी गेली. तिचे कान तापले होते, लग्नात तापले नव्हते इतके. तिनं हात उचलले, सुरी धरल्यासारखी बोटं केली, नजर खाली लावली. मिस्त्रीनं जमिनीपासून कोपरापर्यंत टेप ताणली, मान तिरकी करून कोपराशी आकडा वाचला, फळीच्या तुकड्यावर टिपला. मग हात वर करायला लावला, तेही माप घेतलं. कोपराच्या खाली चार बोटं ओटा, म्हणाला, म्हणजे पाठ दुखणार नाही. धाकटी त्याला सांगायला विसरली नाही, "नीट घ्या हो. माझं पहिलंच माप आहे." मिस्त्री मिशीत हसला.

मग तोडफोड सुरू झाली. पहिलं कपाट निघालं तेव्हा धाकटी पुढच्या खोलीत मशीन चालवत बसली. खिळा उपटल्याचा आवाज आला की तिचं शिवण वाकडं जाई. सगळं निघाल्यावर ती आत गेली आणि दारातच थबकली. कपाटांमागची भिंत तेवढी उजळ राहिली होती, बाकी सगळी धुरकट. वर आडवा पट्टा, खाली आडवा पट्टा, आणि मधे जिथं उभं कपाट होतं तिथं उंच, अरुंद, फिकट आकार. कुणीतरी भिंतीला पाठ लावून उभं आहे, असं दिसत होतं. धाकटीनं त्या खोलीत एकटीनं जायचं टाळलं. पाणीसुद्धा बाहेरून भरून घेतलं. आणि तरी जाता येता ती मनात म्हणत होतीच, मी काही हाकलत नाही हो तुम्हाला. फळ्या कुजल्या, मी काय करू?

सामान हलवताना पलंगाखालचा पाटही निघाला. मिस्त्रीनं विचारलं, "हे काय, फेकायचं?"

"फेका," धाकटी म्हणाली.

"नको," म्हणत लेक पुढं झाली. ती त्या दिवशी आवराआवरीला आली होती. तिनं पाट मिस्त्रीच्या हातातून जवळजवळ हिसकावला, देव पुसावा तसा हातानं पुसला आणि पिशवीत घातला. "मी नेते घरी."

"कशाला गं? जुनी फळी ती."

"असू दे."

घरातली एवढी भांडी, एवढ्या चादरी, काही नको म्हणणारी लेक एक जुनी फळी छातीशी धरून घेऊन गेली. धाकटीला कोडं पडलं, आणि जरा लागलंही. आईच्या वेळची म्हणून नेली असेल. माझ्याकडं ठेवायला भरवसा नाही.

कामाला लागायचा तितका वेळ लागलाच. सुतारकाम ते, आज होतं उद्या होतं. पण झालं तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटलं. फिकट हिरवी दारं, आत शिरणारे खण, वर काळा दगड. धाकटी ओट्याशी उभी राहिली आणि तिचे हात बरोबर दगडावर आले. जिथं यायला हवेत तिथं. मुठीलाही हात गेला. बेतून शिवल्यासारखं सगळं अंगाला बसलं. तिनं मिस्त्रीला दोनदा शाबासकी दिली. चार शेजारणींना बोलावून दाखवलं. "माझ्या मापाचा आहे," प्रत्येकीला सांगितलं. मागं उभं राहून कुणी डोकावतंय का, हेही तिनं मान वळवून बघितलं. कुणी नव्हतं. तिला हलकं वाटलं. जरा सुनंही वाटलं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

रंगकाम तेवढं बाकी होतं, आणि चुलीवरच्या कपाटाची बिजागरी. नवं कपाट, नवी बिजागरी, तरी बाहेरचं दार उघडलं की हे उघडायचंच. संध्याकाळी येऊन बघतो, मिस्त्री म्हणाला.

त्या दुपारी लेक आली. दार उघडंच होतं, ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. धाकटी पाठमोरी, कांदा चिरत होती. "ये, बघितलंस का? सांग आता, चुकलं का माझं?"

उत्तर आलं नाही. पुन्हा मागं कुणीतरी मुकं उभं आहे असं धाकटीला वाटलं. तिनं मान वळवली. लेक खाली बघत होती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "तुझ्या टाचा."

"काय झालं टाचांना?"

"बघ ना."

धाकटीनं खाली बघितलं. तिच्या दोन्ही टाचा जमिनीपासून चार बोटं वर होत्या. ती चवड्यांवर उभी होती. कुणी तिला उभं केलं नव्हतं, तिनं ठरवलं नव्हतं, तिला ठाऊकही नव्हतं. ती ओट्याशी आली की टाचा आपल्या आपण उठत होत्या. तिनं त्या टेकवल्या. ओटा वर आला आणि बरगड्यांना भिडला.

सुरी खाली ठेवून तिनं गळ्यातली टेप काढली. पण मापायची गरजच नव्हती. समोर भिंतीवर, न रंगवलेल्या जागी, जुन्या ओट्याची रेघ अजून होती. धुरकट संपून उजळ सुरू होई ती रेघ. नवा काळा दगड बरोबर तिच्यावर बसला होता. केसाचाही फरक नाही. मिस्त्रीचं काम चोख होतं. त्यानं कोपराकडं बघितलं, पायांकडं नाही. आणि जिनं गल्लीत कुणाचं माप ते विसरल्याशिवाय घेतलं नाही, ती स्वतः मात्र टाचा उचलून माप देऊन बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धाकटी मटकन जमिनीवर बसली. आधी हसली, मग ते हसू मोडलं. "गेली नाही गं ती," ती म्हणाली. "फळ्या काढल्या, भिंत मोकळी केली, तरी गेली नाही. माझ्या पायात शिरून बसलीय."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी आई!"

झालं. इतक्या वर्षांत न काढलेलं नाव निघालं. लेक तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"आई कशी शिरेल? आई कुठं उंच होती?"

"नव्हती?"

"तुझ्याहून बुटकी होती. बाबांच्या छातीला लागायची. तुला कुणी सांगितलं ती उंच होती म्हणून?"

धाकटीनं आठवून बघितलं. सासूनं नाही. नवऱ्यानं नाही. शेजारणींनी नाही. कुणीच नाही.

मग लेकीनं सांगितलं. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणजे हिच्याच वेळी. बाबांनी मागं हौसेनं स्वयंपाकघर करून घेतलं, ती परत येईल तेव्हा तिला दाखवायला. सुतारानं विचारलं, बाई केवढ्या आहेत? बाबांनी हवेत हात धरला, एवढी. हात चुकला. लाडक्या बायकोची उंची त्यांना जास्तच आठवली. आई बाळ घेऊन परत आली, तर बाबा दारात हसत उभे. ती त्या हसण्याकडं बघत बसली आणि म्हणाली, अगदी माझ्या मापाचं झालंय. मग त्याच सुताराला गुपचूप बोलावून उरलेल्या फळीचा पाट करून घेतला.

"दिवसभर पाटावर उभी राहायची. कडी वाजली की म्हणायची, चल, पाट सरकव. ते माझं काम. बाबा आत येऊन बघायचे तेव्हा आई जमिनीवर, टाचा उचलून उभी. मला शपथ घातली होती, बाबांना कधी सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. मग ती गेली. आणि तू आलीस. पहिल्याच दिवशी कडी वाजली, आणि तू पायानं पाट सरकवलास."

धाकटी हातातली टेप बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मला वाटलं, तुला माहीत आहे. आई तुला सांगून गेली असं वाटलं मला. तेव्हा सहा वर्षांची होते मी. पुढं तू पाट कधी काढलाच नाहीस, तेव्हा वाटलं, तुला उंची पुरत असेल. मावशी, मी तुझ्या हातांकडं बघत राहिले, काय वाढतेस, किती वाढतेस. पायांकडं कधी बघितलंच नाही. मला वाटलं, तुझ्याही मापात काहीतरी चुकेल. म्हणून म्हणत होते, पायवालं घे."

"आधी का नाही सांगितलंस?"

"बाबा होते तोवर शपथ होती. नंतर..." लेकीनं पदर नव्हता म्हणून बाहीनंच नाक पुसलं. "नंतर आईचं एवढंच माझ्याकडं उरलं होतं."

ती उठली आणि घरी गेली. धाकटी एकटीच त्या स्वयंपाकघरात बसून राहिली. ज्या उंच बाईच्या सावलीत जन्म काढला ती बाई नव्हतीच. तिच्या मागं उभं राहून डोकावणारं कुणी नव्हतं. कुणी असलंच, तर शेजारी, तिच्याच उंचीचं, टाचा उचलून, नवऱ्याच्या पावलांची चाहूल घेत उभं होतं. धाकटीला त्या पोरीची भयंकर दया आली. पोरच ती, तिशीसुद्धा न गाठलेली. आणि थोरली म्हणून तिच्यावर किती वर्षं रुसून राहिलो आपण!

लेक पाट घेऊन आली. ओट्याशी ठेवला. "जाळशील म्हणून नेला होता," ती म्हणाली.

खिडकीतून तिरपं ऊन पाटावर पडलं, तेव्हा धाकटीला दिसलं, फळी दोन जागी झिजली होती. पावलापुरते दोन उथळ खळगे. ती लेकीच्या खांद्याला धरून पाटावर चढली. तळवे खळग्यांत बसले. टाचाही बसल्या. चवड्यांपासून कमरेपर्यंत जे ताणलेलं होतं ते सुटलं, आणि ते सुटताना इतकं दुखलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात दगडावर होते. कोपराखाली चार बोटं.

तेवढ्यात बाहेर कडी वाजली. मिस्त्री आला होता बिजागरी बघायला. पण लेक, चांगली संसारी, शाळेत शिकवणारी बाई, चटकन खाली वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी पाट धरला, सरकवायला. धाकटी त्याच्यावर उभी आहे याचंही तिला भान नव्हतं.

धाकटीनं तिच्या केसांवर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "जा, दार उघड."

लेक गेली. बाहेरचं दार उघडलं, घरभर वारा फिरला, आणि धाकटीच्या डोक्यावर कपाटाचं दार आपसूक उघडलं. या खेपेला तिचा हात पुरत होता. पण तिनं ते लावलं नाही, आणि पाटावर जरा डावीकडं सरकून उभी राहिली, शेजारी आणखी एकीला जागा व्हावी अशी.